आधी डेटा, मग वस्ती

तबूकला तार आधी आली, गाडी नंतर. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, उस्मानी सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या कारकिर्दीत, मदिनेपर्यंत वाळवंटातून तारायंत्राचे खांब रोवले गेले आणि त्यांच्या मागोमाग हिजाझ रेल्वेचे रूळ सरकत आले. दमास्कसपासून ६९२ किलोमीटरवर असलेल्या तबूकला गाडी १९०६ मध्ये पोचली, मदिनेला १९०८ मध्ये. या रेल्वेसाठी जगभरच्या मुसलमानांकडून वर्गणी जमा झाली होती, हिंदुस्थानातूनही पैसा गेला होता. तबूकच्या स्थानकाच्या इमारती आज जतन करून ठेवल्या आहेत. वाळवंटातल्या एका ठाण्याचा हिशोब दूरच्या राजधानीला त्याच दिवशी कळावा, ही सोय तबूकने अशी सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलेली आहे.

ती सोय सगळ्यांना हवी होती असं मात्र नाही. हाजींच्या काफिल्यांना उंट पुरवायचे, वाट सुरक्षित ठेवायची आणि त्याबद्दल सरकारकडून ठरावीक रक्कम घ्यायची, यावर वाटेवरच्या बदू टोळ्यांचं पोट चालत असे. रेल्वे आली की ते जाणार हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या महायुद्धात या रुळांवर आणि तारांवर हल्ले झाले तेव्हा टी. ई. लॉरेन्सच्या बरोबरीने ज्याचं नाव गाजलं तो ऑदा अबू तायी हुवैतात टोळीचा. तिची एक शाखा जॉर्डनच्या बाजूला आणि एक तबूकच्या बाजूला, तांबड्या समुद्राच्या काठाने. या टोळीचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता नकाशावर तबूक प्रांताचा वायव्य कोपरा बघा. पश्चिमेला अकाबाचं आखात आणि पलीकडे इजिप्तचा सिनाई, उत्तरेला जॉर्डन. मध्ये डोंगर, काही वर्षी हिवाळ्यात बर्फ पडणारा जबल अल-लौझ, आणि खाली प्रवाळांचा किनारा. या कोपऱ्यातला २६,५०० चौरस किलोमीटरचा तुकडा म्हणजे निओम. आपला पुणे जिल्हा आणि सातारा जिल्हा एकत्र केले तर जवळजवळ तेवढं क्षेत्र होतं. २४ ऑक्टोबर २०१७ ला रियाधमधल्या गुंतवणूक परिषदेत युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी निओमची घोषणा केली: ५०० अब्ज डॉलर खर्च, कोऱ्या जमिनीवर नवं शहर, ऊर्जा सगळी वारा आणि उन्हातून, आणि त्या भागापुरते वेगळे कायदे. तेव्हाच्या भावाने ही रक्कम साडेबत्तीस लाख कोटी रुपयांच्या आसपास जाते. त्या वर्षीचा भारताचा अख्खा केंद्रीय अर्थसंकल्प साडेएकवीस लाख कोटींचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच परिषदेत सोफिया नावाच्या यंत्रमानवाला सौदी नागरिकत्व दिल्याचं जाहीर झालं. जाहिरातबाजी म्हणून ते सोडून देता येतं. पण ज्या देशात कष्टाला आलेला माणूस तीस वर्षं राहूनही नागरिक होत नाही, तिथे हा मान एका यंत्राला मिळाला, हे वाचून आखातात माणसं असलेल्या आपल्याकडच्या घरांत लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करता येते.

निओमच्या पहिल्या मुख्याधिकारीपदी आले जर्मनीचे क्लाउस क्लाइनफेल्ड, पूर्वी सीमेन्सचे प्रमुख. वर्षभरातच, २०१८ मध्ये, त्यांच्या जागी नधमी अल-नस्र आले, सौदी तेलकंपनी अराम्कोत मुरलेले. जानेवारी २०१९ मध्ये निओम ही रीतसर कंपनी झाली, मालकी सगळी सार्वजनिक गुंतवणूक निधीची, म्हणजे सरकारची. ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. निओमला आपण शहर म्हणतो, पण कागदावर ती कंपनी आहे. तिला भागधारक आहे, मतदार नाही. २०१९ मध्येच शर्मा गावाजवळच्या निओम बे विमानतळावर प्रवासी विमानं उतरू लागली.

या सगळ्यापासून जरा बाजूला, खुद्द तबूक शहरात, एक वेगळी संस्था आपल्या गतीने चालली होती. पाच लाखांहून जास्त वस्तीचं हे शहर, लष्करी तळ आणि शेती यांच्यावर उभं. वाळवंटात गोल फिरणाऱ्या सिंचनयंत्रांवर पिकवलेला गहू, फळं, परदेशी जाणारी फुलं ही इथली जुनी ओळख. २००६ मध्ये तबूक विद्यापीठ स्थापन झालं. तिथे संवेदक जाळी आणि सेल्युलर यंत्रणा यांच्यावर संशोधन करणारं केंद्र निघालं. संवेदक म्हणजे तापमान, ओल, हालचाल असं एकच काहीतरी मोजून बिनतारी पुढे पाठवणारी लहान पेटी. सप्टेंबर २०२० मध्ये विद्यापीठाने संगणनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तिच्या नावात हिजरी १४४१ हा आकडा होता. कोविडच्या त्या वर्षी प्रत्यक्ष परिषद भरेपर्यंत हिजरी १४४२ उजाडून गेलं होतं. अशा परिषदांत वाचले जाणारे निबंध फारसे कुणी वाचत नाहीत हे खरं. तरी मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण इथल्या माणसांसमोरचे प्रश्न खरे आहेत: पाणी किती मुरलं, पेटीची बॅटरी किती दिवस टिकली, धुळीच्या वादळात निरोप पोचला का. शे-सव्वाशे किलोमीटरवर निओममध्ये जे बोललं जात होतं त्याची भाषा अगदी निराळी होती.

तिथे ‘स्मार्ट’ हा शब्दसुद्धा मागे पडला होता. निओमने स्वतःला ‘कॉग्निटिव्ह’ शहर म्हणवलं, म्हणजे विचार करणारं, अंदाज बांधणारं शहर. आजची स्मार्ट शहरं मिळणाऱ्या डेटापैकी जेमतेम एक टक्का वापरतात, आम्ही नव्वद टक्के वापरू, असं कंपनीचे लोक सांगत. तुमचा फोन, घर, चेहरा, घड्याळात मोजलेले ठोके, दारावरची पेटी, आकाशातला ड्रोन, सगळ्यांकडून येणारी माहिती एका जागी जमणार आणि तुम्ही मागायच्या आधी शहर तुमची गरज ओळखणार. १० जानेवारी २०२१ ला युवराजांनी चित्रफितीतून ‘द लाइन’ जाहीर केली: १७० किलोमीटर लांब सरळ रेषेतलं शहर, मोटारी नाहीत, रस्ते नाहीत, धूर नाही. जुलै २०२२ मध्ये तिचा आराखडा आला तेव्हा तर लोकांचे डोळेच विस्फारले. रुंदी २०० मीटर, उंची ५०० मीटर, दोन्ही बाजूंना आरशाच्या भिंती, आत ९० लाख माणसं. मुंबई ते नाशिक अशी सलग दोन भिंतींची इमारत उभी केली तर ती साधारण एवढी लांब होईल. कसारा घाटाचं काय करायचं ते आर्किटेक्टला विचारावं लागेल.

या रेषेची मज्जासंस्था बांधायला निओमने एक वेगळी कंपनीच काढली, निओम टेक अँड डिजिटल. प्रमुख म्हणून आले जोसेफ ब्रॅडली, अमेरिकेत सिस्कोमध्ये जोडलेल्या वस्तूंच्या अर्थकारणावर काम केलेले. या कंपनीची पहिली दोन वर्षं हीच या सगळ्या वाटचालीतली खरी वाचण्यासारखी वर्षं आहेत. २०२१ मध्ये डेटा केंद्र उभारायचा करार झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या वनवेबबरोबर २० कोटी डॉलरचा संयुक्त उपक्रम ठरला. वनवेबमध्ये तेव्हा सुनील मित्तल यांच्या भारती समूहाची मोठी गुंतवणूक होती, आणि पुढे तिचे ७२ उपग्रह इस्रोनेच श्रीहरिकोट्याहून दोन खेपांत, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये, वर नेले. म्हणजे निओमला जोडणाऱ्या आकाशातल्या धाग्यांपैकी काही आपल्या किनाऱ्यावरून सुटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रियाधच्या लीप या तंत्रज्ञान प्रदर्शनात कंपनीने एक अब्ज डॉलरची नवी गुंतवणूक आणि दोन उत्पादनं जाहीर केली. एक एक्सव्हीआरएस, शहराचं डिजिटल जुळं: वीट रचायच्या आधी संगणकात उभं राहिलेलं शहर, त्यात फिरायचं, घर बघायचं, मग खरं बांधायचं. दुसरं एमथ्रीएलडी. हे होतं संमतीचं व्यासपीठ. आपला कुठला डेटा कोण घेतो, कशासाठी वापरतो हे रहिवाशाला फोनवर दिसेल, तो हवं तिथे परवानगी देईल, हवं तिथे काढून घेईल, आणि दिलेल्या डेटाचा मोबदलाही त्याला मिळेल. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात कंपनीने नाव बदलून टोनोमस असं ठेवलं.

संमतीचं व्यासपीठ ही कल्पना वाईट नाही, हे आधी सांगून टाकतो. आपल्याकडे फोनवर कुठलंही ॲप घेताना आपण ‘मान्य’ दाबतो तेव्हा काय मान्य केलं हे कुणीही वाचत नाही. त्या मानाने इथे निदान खातेवही उघडी ठेवायची भाषा होती. कायदाही येत होता. सौदी अरेबियाचा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झाला, मार्च २०२३ मध्ये त्यात बदल झाले, १४ सप्टेंबर २०२३ पासून तो लागू झाला आणि १४ सप्टेंबर २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सक्तीची झाली. भारताचा अशाच विषयाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, तेव्हा त्यांना नावं ठेवायचा आपल्याला फारसा अधिकार नाही. फक्त एक फरक आहे. आपला कायदा आला त्याच्या सहा वर्षं आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने ठरवलं होतं. निओमची घोषणा त्याच्या बरोबर दोन महिन्यांनंतरची. न्यायालयात सरकारला ‘नाही’ म्हणणारे एक निवृत्त न्यायमूर्ती होते, के. एस. पुट्टस्वामी, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेणारी जागा होती.

टोनोमसच्या पत्रकांत रहिवासी सगळीकडे आहे. तो परवानगी देतो, मोबदला घेतो, डिजिटल जुळ्यात फिरतो. मात्र तो होऽ म्हणणारा आहे. ‘मला तुमचं शहरच नको’ असं म्हणणारा रहिवासी कुठल्याच आराखड्यात नाही.

असा एक रहिवासी त्या जमिनीवर होता. शर्मा, खुरैबा, गयाल या किनारपट्टीच्या गावांत हुवैतात टोळीची घरं होती. कोऱ्या जमिनीच्या गोष्टीत ती बसत नव्हती. २०२० च्या सुरुवातीला त्यांना हलवायचं काम सुरू झालं. हलवायच्या माणसांची संख्या वीस हजारांच्या घरात असल्याचं मानवाधिकार संघटना सांगतात. सरकार म्हणतं, योग्य मोबदला दिला. खुरैब्याच्या अब्दुल रहीम अल-हुवैती याने मोबदला नाकारला. त्याने हातात फोन घेतला, स्वतःकडे धरला आणि एकामागून एक चित्रफिती टाकल्या: मला घर सोडायचं नाही, मोजणीवाले आले होते, शेजाऱ्यांना धरून नेताहेत, आणि उद्या माझ्या घरात शस्त्रं ठेवून मला गुन्हेगार ठरवतील. १३ एप्रिल २०२० ला सुरक्षा दलाच्या कारवाईत तो मारला गेला. त्यानेच आधी गोळीबार केला असं अधिकृत निवेदन निघालं. टोळीतल्या लोकांनी आणि मानवाधिकार संघटनांनी ते मान्य केलं नाही. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये याच टोळीतल्या तिघांना दहशतवादाच्या खटल्यात मृत्युदंड सुनावला गेला आणि मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर जाहीर चिंता व्यक्त केली.

जोडलेल्या तंत्रज्ञानाचा त्या भूमीवरचा सगळ्यांत गाजलेला वापर अजूनही हाच आहे: साधा फोन, साधं जाळं, आणि एका माणसाने सांगितलेलं ‘नाही’. एमथ्रीएलडीची घोषणा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाली.

इथे महाराष्ट्राकडे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपणही याच दशकात स्मार्ट होत होतो. केंद्राची स्मार्ट सिटी मोहीम २५ जून २०१५ ला सुरू झाली. जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत भुवनेश्वर पहिलं, पुणे दुसरं, सोलापूरही पहिल्या विसांत. पण त्या यादीआधी डिसेंबर २०१५ मध्ये काय झालं ते जास्त सांगण्यासारखं आहे. मोहिमेची अट अशी की शहरात कामं करायला एक वेगळी कंपनी काढायची, विशेष हेतू कंपनी. निवडून आलेल्या सभागृहाला वळसा घालणारी ही कंपनी कशाला, म्हणून नवी मुंबईच्या महासभेने प्रस्ताव सरळ फेटाळला. पुण्याच्या मुख्य सभेत तासन्‌तास भाषणं झाली, कंपनीच्या अधिकारांवरून रण पेटलं, आणि शेवटी उपसूचना लावून लावून मंजुरी मिळाली. त्या भाषणांतली बरीचशी राजकीय सोयीची होती, पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून केलेली. तरी त्यांतून एक गोष्ट कागदावर उतरली: कंपनी कुणाला उत्तर देणार.

कॅमेरे आपल्याकडेही आले. नागपूरला २०१६ मध्ये एल अँड टीकडे शहराच्या सुरक्षित आणि स्मार्ट प्रकल्पाचं काम गेलं: सुमारे १,२०० किलोमीटर ऑप्टिकल फायबर आणि चौकाचौकांत मिळून सुमारे ३,८०० कॅमेरे. नागपूरकराला मोठा डेटा म्हणजे काय हे व्याख्येने कळलेलं नाही, ई-चलनाने कळलेलं आहे. सिग्नल तुटला, वरचा कॅमेरा पाटी टिपतो, यंत्र पाटीवरचे आकडे वाचतं, परिवहन खात्याच्या नोंदीत मालक सापडतो, आणि मोबाइलवर फोटोसकट संदेश येतो. पाटी मळलेली असली की आठाचा तीन होतो आणि भलत्याच माणसाला चलन जातं. मग तो वाहतूक शाखेत जाऊन फोटो दाखवतो, माझी गाडी पांढरी आहे हो साहेब, ही बघा काळी. कुरकुर होते, भांडण होतं, कधी चलन रद्द होतं. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये मुंबई शेअर बाजारातून २०० कोटींचे कर्जरोखे काढले. त्या योजनेत नळाला बसायचा मीटर घरात न येता लहरींवरून वाचता येतो. पाण्याचा असा आकडा घराविषयी बरंच काही बोलतो. घरातले गावाला गेले आहेत, पाहुणे आलेत, रात्री अडीचला कुणी उठतं, सगळं त्यात दिसतं. मीटर बसवायला आलेल्या माणसांना काही भागांत लोकांनी परत पाठवलं. त्यात बिल वाढायची भीती जास्त होती, खासगीपणाची काळजी कमी, हे मान्य. पण दार लावून घेता आलं. योजना रखडली, अधिकारी वैतागले, आणि त्या वैतागाला मी शहराच्या तब्येतीचं लक्षण मानतो.

टोरंटोत तर याच गोष्टीचा निकाल लागला. निओमच्या घोषणेच्या एकच आठवडा आधी, १७ ऑक्टोबर २०१७ ला, गूगलच्या भावंड कंपनीने, साइडवॉक लॅब्सने, तिथल्या सरोवराकाठी संवेदकांनी भरलेली वस्ती बांधायचं जाहीर केलं. सल्लागार म्हणून घेतलेल्या ॲन कावुकियन या ओंटारिओच्या माजी माहिती व खासगीपणा आयुक्त. टिपलेल्या माहितीतून माणसाची ओळख जागच्या जागी पुसली जाईल याची हमी सगळ्या भागीदारांकडून मिळत नाही म्हटल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नागरिकांनी सभा घेतल्या, प्रकल्प आक्रसत गेला, आणि मे २०२० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. कारण साथीमुळे आलेल्या अनिश्चिततेचं दिलं. म्हणजे खुरैब्याच्या घटनेनंतर महिन्याभरात टोरंटोचा प्रकल्प बंद पडला. दोन्हीकडे लोक ‘नाही’ म्हणाले होते.

निओमला पुढे थांबवलं ते लोकांनी नव्हे, हिशोबाने. ऑक्सॅगॉन हे बंदर-उद्योगनगर, ट्रोजेना हे डोंगरातलं हिमक्रीडास्थळ, एकामागून एक नावं जाहीर होत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये उडत्या टॅक्सीच्या व्होलोकॉप्टर या जर्मन कंपनीत निओमने साडेसतरा कोटी डॉलर घातले. जून २०२३ मध्ये चाचणी-उड्डाण झालं. डिसेंबर २०२४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. एप्रिल २०२४ मध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की २०३० पर्यंत द लाइनचे १७० पैकी फक्त २.४ किलोमीटर पुरे होतील आणि तिथे पंधरा लाखांऐवजी तीन लाखांहूनही कमी लोक राहतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंदाला हे नौकाविहाराचं बेट उघडलं. दोनेक आठवड्यांत नधमी अल-नस्र पदावरून गेले आणि ऐमन अल-मुदैफर हंगामी प्रमुख झाले. २०२५ मध्ये द लाइनचा नव्याने आढावा घेतला जात असल्याच्या बातम्या येत राहिल्या.

या सगळ्या पडझडीत दोन गोष्टी मात्र उभ्या राहिल्या, आणि दोन्हींना रहिवाशांची गरज नाही. पहिली हरित हायड्रोजनचा कारखाना. निओम, अक्वा पॉवर आणि एअर प्रॉडक्ट्स यांचा ८.४ अब्ज डॉलरचा प्रकल्प, मे २०२३ मध्ये त्याची आर्थिक बांधणी पुरी झाली, रोज ६०० टनांपर्यंत हायड्रोजन काढून अमोनियाच्या रूपात जहाजात भरायचा. त्याच्या विजेचं काम आपल्या मुंबईच्या एल अँड टीकडे आहे: सुमारे २,२०० मेगावॅट सौर, साडेसोळाशे मेगावॅट पवनऊर्जेच्या बाजूची कामं, आणि ४०० मेगावॅट-तासांचा बॅटरीसाठा. नागपूरला चौकात कॅमेरे लावणाऱ्या कंपनीनेच तबूकच्या वाळूत सौरपट्ट्या मांडल्या. मला निओमच्या सगळ्या कल्पनांत ही सर्वांत पटते. ऊन आहे, वारा आहे, समुद्र आहे, आणि गिऱ्हाईक ठरलेलं आहे. तयार होणारा माल एअर प्रॉडक्ट्स तीस वर्षं उचलणार असा करारच आहे.

दुसरी गोष्ट डेटा केंद्र. फेब्रुवारी २०२५ मध्ये निओमने डेटाव्होल्ट या सौदी कंपनीशी करार केला: ऑक्सॅगॉनमध्ये दीड गिगावॅट क्षमतेचं, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचं डेटा केंद्र, पहिल्या टप्प्याला ५ अब्ज डॉलर, तो टप्पा २०२८ मध्ये सुरू व्हायचा. दीड गिगावॅट म्हणजे मोठ्या शहराला पुरेल एवढी वीज. ती खाऊन इथली यंत्रं जे मोजतील, साठवतील, शिकतील ते निओमच्या रहिवाशांचं असायचं कारण नाही. जगातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं असेल. माणसांच्या डेटातून शहर चालवायचं म्हणून जी संस्था उभी राहिली, तिच्या जागेवर आता शहराशिवाय चालणारा डेटाचा धंदा येतो आहे. वाटचालीचा हा वळसा कुणी ठरवून घेतलेला दिसत नाही, पैसा जिकडे उतार सापडला तिकडे वाहत गेला. व्यवसाय म्हणून तो शहाणपणाचाही असेल. फक्त त्याला शहर म्हणू नये.

आणि रहिवासी? ते आहेत. निओमच्या कामांवर लाखाहून जास्त माणसं राबली, कामगारवस्त्यांमध्ये राहून. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी. आपल्याकडे रत्नागिरी, रायगडच्या कित्येक मुसलमान घरांतला एखादा तरी पिढ्यान्‌पिढ्या आखातात असतोच. दहावी न झालेला कामगार सौदीला जाणार असेल तर आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंद आणि मंजुरी लागते. तिथे उतरल्यावर बोटांचे ठसे, मग इकामा, म्हणजे राहायचा परवाना. अबशिर हे सरकारी ॲप. आणि नोकरीचा करार किवा नावाच्या पोर्टलवर. या माणसाविषयी यंत्रणेला जेवढं माहीत असतं तेवढं द लाइनच्या भावी श्रीमंत रहिवाशाविषयी कधी कळेल की नाही कोण जाणे. एमथ्रीएलडीच्या जाहिरातीत तो नव्हता, त्याच्या डेटाचे पैसेही कुणी देऊ केले नाहीत.

तरीही एक बदल खरा झाला आहे. मार्च २०२१ पासून सौदी सरकारने मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची, देशाबाहेर जाऊन यायची वाट काही अटींवर मोकळी केली. घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, गुराखी त्यातून वगळले गेले, पण बांधकामावरचा माणूस त्यात आला. आता मालकाने किवावर करार टाकला की कामगाराच्या फोनवर तो उघडतो आणि खाली पर्याय येतात: मान्य, अमान्य, बदल हवा. वाळवंटातल्या कॅम्पमध्ये रात्रपाळी संपवून आलेला माणूस शेजारच्या खाटेवरच्या थोड्या शिकलेल्याला फोन दाखवतो, भाई, इसमें पगार कितना लिखा है, बेसिक का ओव्हरटाइम पकडून, असं विचारतो. आकडा गावात एजंटाने तोंडी सांगितलेल्यापेक्षा कमी निघाला तर ‘अमान्य’ दाबायचा हक्क त्याला कायद्याने आहे. तिकिटासाठी आणि एजंटासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा असतो, आणि बहुतेक जण ‘मान्य’ दाबतात.